भ्रमणध्वनीचे अद्ययावतीकरण : पद्धत आणि पारख

गावपातळीवरील कारभारात लोखंडी कपाट, शिक्का आणि नोंदवह्या यांना जे स्थान होते, त्यातील बराचसा भाग गेल्या काही वर्षांत एका लहानशा भ्रमणध्वनी संचाकडे आला आहे. प्राथमिक शिक्षकांच्या हाती २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आले. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांकडे ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि त्याच वर्षी राज्यातील शेतकरी आपल्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’द्वारे स्वतः करू लागले. बँकेच्या व्यवहाराचा सांकेतिक क्रमांक याच संचावर येतो. कामाची छायाचित्रे, लाभार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक, वरिष्ठ कार्यालयाचे संदेश हे सारेही याच संचात साठलेले असते.

याच संचाच्या पडद्यावर अधूनमधून एक सूचना उमटते : ‘सिस्टम अपडेट उपलब्ध आहे.’ कोणी ती महिनोन्महिने बाजूला सारतो. कोणी मार्चअखेरच्या ऐन गर्दीत तिच्यावर बोट ठेवतो आणि पुढचा अर्धा तास काळ्या पडद्याकडे पाहत बसतो. पहिला दप्तराचे दार उघडे टाकतो, तर दुसरा काम चालू असतानाच दप्तराची हलवाहलव करतो. या दोहोंच्या मधला मार्ग कोणता आणि अद्ययावतीकरणाबरोबर येणाऱ्या नव्या सोयींची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रणाली म्हणजे काय?

संचातील प्रत्येक ॲप हे कार्यालयातील एकेका मेजासारखे असते. परंतु कॅमेरा, ध्वनिग्राहक, स्थाननिश्चिती, साठवण आणि नेटवर्क या साधनांवर कोणत्याही मेजाचा थेट अधिकार नसतो. कोणती धारिका कोणाला, केव्हा व किती वेळ द्यावयाची हे ज्याप्रमाणे अव्वल कारकून ठरवितो, त्याप्रमाणे ही साधने ॲपच्या हाती देण्याचे वा नाकारण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच परिचालन प्रणाली, करते. ॲपलच्या आयफोनची प्रणाली २००७ मध्ये आली. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली गूगलची अँड्रॉइड प्रणाली २००८ मध्ये बाजारात आली. भारतातील बहुसंख्य संच अँड्रॉइडवर चालतात. म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्या प्रणालीला धरून केले आहे.

अँड्रॉइडमधील अद्ययावतीकरण तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार नव्या आवृत्तीचा. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४, २०२४ मध्ये अँड्रॉइड १५ आणि जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ प्रसिद्ध झाले. यात संचाचे रूप, सोयी व नियम बदलतात. दुसरा प्रकार सुरक्षा-दुरुस्तीचा. यात दिसण्यासारखे काही बदलत नाही. प्रणालीत सापडलेली छिद्रे बुजविली जातात. तिसरा प्रकार ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ या नावाने ओळखला जातो. २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग स्वतंत्रपणे, संचाच्या उत्पादकाची वाट न पाहता बदलता येऊ लागले, ते या मार्गाने. ॲपची अद्ययावतीकरणे या तिन्हींहून वेगळी होत. सर्व ॲप अद्ययावत असली म्हणजे प्रणालीही अद्ययावत आहे, हा समज चुकीचा आहे.

विलंबाची किंमत

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ध्वनिचित्रफिती हाताळणाऱ्या भागात ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखले जाणारे दोष उघडकीस आले. केवळ एक चित्रसंदेश पाठवून परक्याच्या संचात शिरकाव करता येईल, असे त्यांचे स्वरूप होते. सुमारे ९५ कोटी संच या दोषाच्या कक्षेत येतात, असा अंदाज त्या वेळी संशोधकांनी वर्तविला होता. त्यानंतर लगेच ऑगस्ट २०१५ पासून गूगलने सुरक्षा-दुरुस्त्या मासिक स्वरूपात प्रसिद्ध करण्याचा प्रघात सुरू केला. आज संचावर जी ‘सुरक्षा पॅच पातळी’ म्हणून तारीख दिसते, तिचे मूळ या घटनेत आहे.

दुसरे उदाहरण संगणकाचे आहे, पण बोध तोच आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक बंद पाडले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील रुग्णालयांनाही त्याचा तडाखा बसला. ज्या दोषातून हा विषाणू शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच, उपलब्ध करून दिली होती. औषध घरात होते, परंतु ते घेतले गेले नव्हते. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, त्याच दोषाचाही लाभ घेणाऱ्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या विषाणूने जगभर हाहाकार उडविला आणि आपल्या राज्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. म्हणजे दूर देशी सुरू झालेल्या संकटाचा परिणाम उरणच्या धक्क्यावर येऊन पोहोचला.

घाईचीही किंमत

तथापि नॉटपेट्याच्या कथेला दुसरी बाजू आहे. त्या विषाणूचा प्रथम प्रसार झाला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून. हल्लेखोरांनी अद्ययावतीकरणाच्या मार्गातच विष कालविले होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. एकच चूक एकाच वेळी सर्वत्र पोहोचली एवढेच.

भ्रमणध्वनीच्या क्षेत्रातही असे एक उदाहरण आहे. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोन संचांचा वेग अद्ययावतीकरणानंतर प्रणालीकडून कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. संच अचानक बंद पडू नये, हा त्यामागील हेतू असल्याचे कंपनीने सांगितले. परंतु ग्राहकाला त्याची स्पष्ट कल्पना आधी दिली गेली नव्हती. मार्च २०१८ मधील आवृत्तीत बॅटरीची स्थिती पाहण्याची आणि वेगावरील हे नियंत्रण बंद करण्याची सोय देण्यात आली.

या उदाहरणांवरून एक साधा नियम निघतो. सुरक्षा-दुरुस्ती आली की ती आठवड्याभरात करून घ्यावी. नवी आवृत्ती आली की मात्र दोन-चार आठवडे थांबून, इतरांचा अनुभव पाहून मग करावी. कार्यालयात चार संच असतील तर ते सर्व एकाच दिवशी अद्ययावत करू नयेत. ज्यावर निकडीचे काम नाही असा एक संच आधी घ्यावा, त्यावर खात्याची ॲप नीट चालतात याची खात्री करावी आणि मग उरलेल्या संचांकडे वळावे.

‘हाताने’ म्हणजे काय?

उत्पादक कंपन्या नवी आवृत्ती एकाच दिवशी सर्वांना देत नाहीत. ती टप्प्याटप्प्याने वाटली जाते. त्यामुळे सूचना येण्याची वाट पाहणाऱ्याला ती काही आठवड्यांनी मिळते, आणि कधी ती इतर सूचनांच्या गर्दीत नजरेतूनही निसटते. आपण स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन तपासणी करणे व आपल्या सोयीची वेळ निवडणे, हे हाताने अद्ययावत करणे होय.

याच शब्दाचा आणखी एक अर्थ प्रचलित आहे. प्रणालीची फाइल संगणकावर उतरवून ती तारेने संचात भरणे यालाही हाताने अद्ययावत करणे म्हणतात. जाणकार व्यक्ती असे करतात. परंतु अनधिकृत प्रणाली भरावयाची तर संचाचे ‘बूटलोडर’ नावाचे कुलूप उघडावे लागते, आणि ते उघडताच संचातील सर्व माहिती पुसली जाते. शिवाय संचाची सुरक्षाही दुबळी होते. शासकीय कामाच्या संचावर हा प्रयोग कदापि करू नये.

पूर्वतयारी

पुढील सहा बाबी तपासल्यावाचून अद्ययावतीकरणास हात घालू नये.

(१) संचाची सद्यःस्थिती : ‘सेटिंग्ज’मधील ‘फोनबद्दल’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती व सुरक्षा पॅच पातळीची तारीख दिलेली असते. ती नोंदवहीत उतरवून घ्यावी. तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल तर प्रथम त्याकडे लक्ष द्यावे.

(२) प्रत : छायाचित्रे, संपर्क क्रमांक व कागदपत्रे यांची प्रत संगणकावर किंवा अधिकृत खात्यात घ्यावी. व्हॉट्सॲपच्या संदेशांची प्रत त्या ॲपमधून स्वतंत्रपणे घ्यावी लागते, हे ध्यानात असावे. खात्याच्या ॲपमध्ये भरलेली पण अद्याप पाठविली न गेलेली माहिती असेल तर ती आधी पाठवावी. संपर्कक्षेत्राबाहेर भरलेल्या नोंदींची अशा वेळी विशेष आठवण ठेवावी.

(३) गुप्त क्रमांक : संच पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम बोटाचा ठसा वा चेहरा चालत नाही, पिन, पासवर्ड किंवा आकृतीच द्यावी लागते. वर्षभर केवळ बोटाने संच उघडणारी व्यक्ती हा क्रमांक विसरलेली असते. तो आठवतो काय, हे आधी संच कुलूपबंद करून व उघडून पाहावे.

(४) जागा : मोठी आवृत्ती एक-दोन गिगाबाइट किंवा त्याहूनही अधिक भरू शकते आणि ती बसविताना आणखी मोकळी जागा लागते. मासिक दुरुस्ती सामान्यतः काही शेकडो मेगाबाइटची असते. जागा कमी असेल तर शुभेच्छांची चित्रे व चित्रफिती काढून टाकाव्यात. कामाची छायाचित्रे प्रत घेतल्यावाचून काढू नयेत.

(५) वीज व जोडणी : बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी आणि शक्य तर संच विजेला जोडून ठेवावा. माहिती उतरविण्यासाठी शाळेचे किंवा पंचायतीचे वाय-फाय वापरल्यास दैनंदिन डेटा खर्ची पडत नाही. भारनियमनाची वेळ टाळावी.

(६) दिवस : ज्या दिवशी देयके, नोंदणीची अंतिम मुदत, ग्रामसभा किंवा परीक्षा असेल, त्याच्या आदल्या दिवशी वा त्या दिवशी हे काम करू नये. शनिवारची दुपार चांगली. काही अडले तर रविवार हाताशी राहतो.

प्रत्यक्ष कृती

‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टम’ व त्यात ‘सॉफ्टवेअर अपडेट’ हा विभाग शोधावा. काही कंपन्यांच्या संचात ‘सॉफ्टवेअर अपडेट’ हा विभाग सेटिंग्जच्या मुख्य यादीतच, बहुधा शेवटाकडे, असतो. आयफोनमध्ये तो ‘जनरल’ या भागात आढळतो. तेथे तपासणीचा पर्याय निवडावा. अद्ययावतीकरण उपलब्ध असल्यास त्याचा आकार, आवृत्ती व बदलांची यादी दिसते. ही यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण ज्याला संमती देत आहोत त्याचे ते मसुदापत्रच असते.

त्यानंतर माहिती उतरविली जाते, ती तपासली जाते आणि बसविली जाते. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक संचांत यासाठी एक चांगली व्यवस्था आहे. प्रणालीसाठी संचात दोन जागा राखलेल्या असतात. एका जागेतील जुनी प्रणाली चालू असतानाच नवी प्रणाली दुसऱ्या जागेत बसविली जाते. जुन्या इमारतीत वर्ग भरत असताना शेजारी नवी इमारत उभी राहावी आणि एका सकाळी मुलांनी तिकडे जाऊन बसावे, तसे हे आहे. नवी प्रणाली सुरूच झाली नाही तर संच जुन्या जागेवरून पुन्हा सुरू होतो. ही सोय सर्वच संचांत नाही. ज्यांत ती नाही, तेथे बसविण्याच्या काळात संच वापरता येत नाही आणि मध्येच वीज गेल्यास धोका संभवतो.

पुन्हा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा किंवा केवळ कंपनीच्या चिन्हाचा राहतो. अशा वेळी घाबरून कळ दाबून धरू नये. संच सुरू झाला की गुप्त क्रमांक द्यावा. नंतर ‘सुरक्षा आणि गोपनीयता’ या विभागात ‘गूगल प्ले सिस्टम अपडेट’ही तपासावे आणि शेवटी प्ले स्टोअरमधून ॲप अद्ययावत करावीत.

पहिले एक-दोन दिवस संच थोडा तापतो व बॅटरी लवकर उतरते. ॲप नव्या प्रणालीशी जुळवून घेण्याचे काम पार्श्वभूमीवर चालू असते, त्याचा तो परिणाम होय. म्हणून बॅटरीविषयीचा निर्णय आठवड्यानंतर द्यावा. मात्र खात्याची ॲप, बँकेचे ॲप, कॅमेरा व स्थाननिश्चिती यांची चाचणी त्याच दिवशी घ्यावी. एकदा नवी आवृत्ती बसली की जुनीकडे परत जाण्याची सोय सामान्य वापरकर्त्याला बहुधा नसते, आणि जेथे असते तेथेही संचातील माहिती पुसली जाते. पूर्वतयारीचा एवढा आग्रह धरला आहे तो यासाठीच.

नव्या सोयींची पारख

नवी आवृत्ती आली की जाहिरातीत तिच्या रूपाची चर्चा होते. घड्याळाचा आकार, रंगसंगती आणि चित्रांची हालचाल यांचे कौतुक चालते. सार्वजनिक कामासाठी संच वापरणाऱ्याने मात्र प्रत्येक सोयीला चार प्रश्न विचारावेत. हिच्यामुळे कोणाचे कोणते काम सुकर होते? मोबदल्यात ती काय मागते : माहिती, परवानगी, बॅटरी की जागा? नको असल्यास ती बंद करता येते काय? आणि आपल्यातील सर्वांत कमी सराव असलेल्या माणसाला ती पेलते काय?

काही ठळक सोयींना ही कसोटी लावून पाहू.

२०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, ध्वनिग्राहक, संपर्क इत्यादींची परवानगी ॲपला वापराच्या वेळी मागावी लागू लागली. २०२० मध्ये अँड्रॉइड ११ ने ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची सोय केली. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ मध्ये कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक वापरात असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. या सोयी चारही प्रश्नांना उतरतात. लाभार्थ्यांची माहिती ज्याच्या संचात आहे, त्याला आपला ध्वनिग्राहक कोण ऐकतो हे कळणे ही चैन नव्हे.

अँड्रॉइड १२ मध्येच ॲपला अचूक ठिकाणाऐवजी ‘अंदाजे ठिकाण’ देण्याची मुभा आली. हवामानाच्या ॲपला अंदाजे ठिकाण पुरते. त्याला आपल्या घराचा पत्ता देण्याचे कारण नाही. परंतु ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह घ्यावयाचे असते. तेथे अंदाजे ठिकाण दिले तर नोंद अडते आणि दोष ॲपच्या माथी मारला जातो. म्हणजे एकच सोय एका कामी हितकर व दुसऱ्या कामी अडचणीची ठरते. योग्य-अयोग्य हे कामावरून ठरते, हा येथील मुख्य धडा होय.

अँड्रॉइड ११ मध्ये आणखी एक सोय आली, आणि पुढे ती जुन्या आवृत्त्यांनाही मिळाली. एखादे ॲप काही महिने वापरले नाही तर त्याला दिलेल्या परवानग्या प्रणाली आपोआप काढून घेते. विसरलेल्या ॲपला घराची किल्ली कायमची देऊ नये, हे तत्त्व योग्यच आहे. तथापि आपल्याकडील काही ॲप हंगामी असतात. खरिपात वापरलेले ॲप पुढच्या हंगामात उघडले की ते कॅमेरा व ठिकाणाची परवानगी पुन्हा मागते. घाईत ‘नाही’वर बोट पडले की ‘ॲप बिघडले’ अशी तक्रार कार्यालयात येते. अशा वेळी ॲप काढून पुन्हा बसविण्याआधी त्याच्या ‘परवानग्या’ पाहाव्यात. ॲप काढून टाकल्यास न पाठविलेल्या नोंदी नष्ट होतात. गावात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला एवढी एक गोष्ट ठाऊक असली, तरी कित्येक शेतकऱ्यांची खेप वाचेल.

२०२२ मधील अँड्रॉइड १३ ने प्रत्येक ॲपची भाषा स्वतंत्रपणे निवडण्याची सोय दिली. संच इंग्रजीत ठेवून एखादे ॲप मराठीत वापरता येते, किंवा याच्या उलटही करता येते. मात्र त्या ॲपमध्ये मराठीची तरतूद असावी लागते. त्याच आवृत्तीपासून नव्या ॲपला सूचना पाठविण्यासाठीही परवानगी मागावी लागते. खरेदी-विक्रीच्या ॲपला ती नाकारावी, बँकेच्या ॲपला द्यावी. सरसकट नकार देणे हेही अविचाराचेच आहे.

२०२३ मधील अँड्रॉइड १४ मध्ये अक्षरांचा आकार दुप्पट करता येऊ लागला. यात आधीच मोठी असलेली अक्षरे त्याच प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे पडद्याची मांडणी फारशी बिघडत नाही. चष्म्यावाचून संदेश वाचू न शकणाऱ्या ज्येष्ठ सदस्यासाठी ही एकच सोय नव्या रंगसंगतीपेक्षा मोलाची आहे. उलट, याच आवृत्तीत फार जुन्या पद्धतीने बांधलेली ॲप नव्याने बसविता येत नाहीत. कार्यालयातील एखादे ॲप अनेक वर्षांत सुधारले गेले नसेल, तर ते नव्या आवृत्तीवर चालते काय याची विचारणा तालुका कार्यालयात आधी करावी.

गडद पडद्याची सोय अँड्रॉइड १० पासून संपूर्ण प्रणालीत आली. तिने बॅटरी वाचते हे खरे, पण ते मुख्यतः ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर. स्वस्त संचांतील एलसीडी पडद्यामागील दिवा तसाच जळत राहतो, म्हणून तेथे बचत नगण्य असते. शिवाय भर उन्हात शेतात काम करताना पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळी अक्षरेच अधिक स्पष्ट दिसतात.

२०२४ मध्ये अँड्रॉइड १५ च्या सुमारास चोरी ओळखून पडदा आपोआप कुलूपबंद करणारी व्यवस्था आली. ती अँड्रॉइड १० व त्यापुढील अनेक संचांवरही उपलब्ध झाली. बाजाराच्या गर्दीत किंवा एस.टी. स्थानकावर संच हिसकावला गेल्यास तिचा उपयोग होतो. ही सोय सेटिंग्जमध्ये जाऊन चालू आहे काय ते पाहावे. अनेक उपयुक्त सोयी संचात बंद अवस्थेत पडून असतात.

मुदत संपलेला संच

प्रत्येक संचाला उत्पादक ठरावीक वर्षेच अद्ययावतीकरण पुरवितो. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधील पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांची हमी दिली. हे महागडे संच होत. स्वल्प किमतीच्या संचांना ही मुदत बरीच कमी असते. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार, तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनला त्याची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे अद्ययावतीकरण उपलब्ध ठेवावे लागते.

यातून खरेदी करणाऱ्या संस्थेला एक सूचना घेता येईल. दरपत्रक मागविताना कॅमेरा व साठवण यांच्या जोडीला ‘सुरक्षा-दुरुस्ती कोणत्या वर्षापर्यंत मिळेल’ हा रकाना असावा. दोन हजार रुपये स्वस्त पडलेला संच दोनच वर्षांत निराधार झाला, तर ती काटकसर ठरत नाही. ज्याची मुदत संपली आहे असा संच टाकून देण्याचेही कारण नाही. त्यावर शैक्षणिक चित्रफिती दाखविता येतील. बँकेचे व्यवहार आणि लाभार्थ्यांची माहिती मात्र त्यावरून हलवावी.

खोटे अद्ययावतीकरण

खरे अद्ययावतीकरण सेटिंग्जमध्ये किंवा अधिकृत स्टोअरमध्येच मिळते. ते संदेशातून येत नाही. ई-चलान, लग्नपत्रिका, बँकेचे केवायसी किंवा शासकीय योजनेचे नाव लावून ‘एपीके’ प्रकारची फाइल व्हॉट्सॲपवर पाठविण्याचे प्रकार देशात सर्वत्र घडत आहेत. ती बसविताच संदेश वाचण्याची परवानगी मागितली जाते आणि बँकेचा सांकेतिक क्रमांक परक्याच्या हाती जातो. ओळखीच्या व्यक्तीकडून आली म्हणून अशी फाइल विश्वासार्ह ठरत नाही. त्या व्यक्तीचा संच आधीच बाधित झालेला असू शकतो. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. प्रणालीतील गंभीर दोषांबाबत केंद्र शासनाची ‘सर्ट-इन’ ही संस्था वेळोवेळी इशारे प्रसिद्ध करते. त्यांवर कार्यालयातील एका व्यक्तीने नजर ठेवणे इष्ट होय.

कार्यभार आणि नोंद

शेवटचा मुद्दा तांत्रिक नसून कारभाराचा आहे. कर्मचाऱ्याची बदली होते तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, रोख शिल्लक व नोंदवह्या यादीनुसार सोपविल्या जातात. संचही सोपविला जातो. परंतु त्याचा गुप्त क्रमांक आणि त्यात असलेले गूगल खाते यांची गोष्ट राहून जाते. पुढे एखाद्या अद्ययावतीकरणानंतर संच पिन मागतो आणि ती कोणालाच ठाऊक नसते. कोणी तरी संच मूळ स्थितीत आणण्याचा मार्ग सुचवितो. तसे केले की आतील सारी माहिती जाते आणि चोरीस आळा घालण्यासाठी केलेल्या व्यवस्थेमुळे संच पूर्वीचेच गूगल खाते मागू लागतो. सरकारी पैशातून घेतलेला संच असा टेबलावर निरुपयोगी पडून राहतो आणि त्यातील वर्षभराची छायाचित्रे परत मिळत नाहीत.

हे टाळण्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. कार्यालयीन संचावर व्यक्तीचे खासगी खाते न ठेवता कार्यालयाच्या नावाचे खाते ठेवावे, आणि पिन बंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाकडे जमा असावी. दुसरी गोष्ट म्हणजे एक छोटी नोंदवही ठेवावी. तीत संचाचा क्रमांक, आवृत्ती, सुरक्षा पॅच पातळीची तारीख, प्रत घेतल्याचा दिनांक, अद्ययावत केल्याचा दिनांक, नंतर आढळलेली अडचण आणि स्वाक्षरी असे सात रकाने पुरेत. महिन्यातून एकदा, पगारपत्रकाच्या कामानंतर येणाऱ्या शनिवारी, ही नोंदवही उघडावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. कार्यभाराच्या पुढील यादीत किल्ल्यांच्या ओळीखाली या नोंदवहीची आणि लिफाफ्याची अशा दोन ओळी वाढवाव्यात.